विसावी ओटी

बसवनगुडी, बंगळूर
१२ जून १९५८

चि. सौ. नीलास सुलभावहिनीचे भरभरून आशीर्वाद.

अनुदान मिळालं! आधी एवढं लिहून टाकते, मग रडते. कारण रडण्यासारखंही घडलंय.

आमच्या घरापासून शंभर पावलांवर त्या तीन खोल्या घेऊन आम्ही पाचजणींनी ‘भगिनी निवास’ काढलं, त्याला पाच वर्षं झाली. नवऱ्याने मारलेली, सासूने घराबाहेर काढलेली बाई आली की तिला तिथे ठेवून घ्यायचं, शांत करायचं, तिच्या घरच्यांना बोलावून समजूत घालायची आणि पाटावर बसवून, खणानारळाने ओटी भरून परत नांदायला पाठवायचं. आजवर तेवीस आल्या. त्यांतल्या एकोणीस मी ओटी भरून परत पाठवल्या. मी म्हणते, कारण बाकीच्या चौघी समाजसेविका फक्त फोटोच्या दिवशी येतात. ओटी भरण्यात माझा हात किती चांगला हे तुला मी कशाला सांगू? तीन वर्षांपूर्वी तूच एक ट्रंक घेऊन रुसून आली होतीस, आठव्या दिवशी मी तुझी ओटी भरून पुण्याला पाठवलं आणि आता बघ कशी राजाराणीसारखी नांदते आहेस.

तर समाजकल्याण खात्याचं अनुदान मंजूर झालं, पण त्याला शेपूट आहे. निवासात एक शिकलेली, पूर्णवेळ सेविका हवी. पुण्याला सहा महिन्यांचा प्रशिक्षण वर्ग असतो, त्यात बंगळूरला एकच जागा. ती जागा कोणाची असायला हवी होती, सांग बरं? मी घरात दोन मुलांची व्यवस्था लावून टाकली होती. तुझ्या दादांनासुद्धा पटवलं होतं.

खात्याच्या बाई मुलाखतीला निवासातच आल्या. आणि सुरुवातच कानडीतून! बारा वर्षं इथे राहून माझं कानडी बाजारापुरतं, ‘एष्टु’ म्हणजे किती आणि ‘साकु’ म्हणजे पुरे. मला प्रश्नातलं रात्र आणि बाई एवढंच कळलं. मी म्हटलं, “हौदु, हौदु, स्वल्प,” म्हणजे हो, हो, थोडं. तेवढ्यात आमची चंद्राबाई कॉफी घेऊन आली. ही निपाणीकडची, चार वर्षांपूर्वी यशवंतपूरच्या बाजारातून नवऱ्याचा मार खाऊन आलेली, तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाकाला. तिने ट्रे हातात धरूनच मला प्रश्न मराठीत सांगितला, “अक्का, बाई इचारतात, रातीला कोन मार खाऊन दारात आली तर पैलं काय करनार?” आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच कानडीत उत्तर दिलं. काय दिलं म्हणून मागाहून विचारलं, तर म्हणाली, “दाराला कडी घालीन म्हटलं. मग पानी दीन. इचारनार कायबी न्हाई म्हटलं.” त्या बाईंनी कप खाली ठेवला, तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि अर्धा तास तिच्याशीच बोलल्या.

मराठी सातवी पास आहे ती, कानडी येतं, पाठीमागे संसार नाही. झाली निवड! मी वाटलेल्या डाळीवर ती फोडणी देऊन गेली, नीला. आणि ही तीच बाई बरं का, जिची ओटी भरायला मी पाट मांडला तर पाटावर बसलीच नाही. भरल्या ताटासमोरून उठून गेली. आजवर दुसऱ्या कुणी ओटीला नाही म्हटलेलं नाही. अशी ही कुलक्षणी.

जुलैत ती पुण्याला येईल. रविवारी तिला जेवायला बोलव. गोड बोल. आणि माझ्याबद्दल काय काय बोलते ते मला कळव.

रत्नाकररावांना नमस्कार. तुझ्या प्रत्येक कार्डाखाली ते आठवणीने दोन ओळी घालतात, ते पाहून माझ्या पोटात दुखतं. आमच्या यांना माझी पत्रं कुठे जातात हेही ठाऊक नसतं.

तुझी
सुलभावहिनी

•

सदाशिव पेठ, पुणे
२१ जून १९५८
(कार्ड)

ती. सौ. सुलभावहिनींस नीलाचा नमस्कार.

अनुदानाचं वाचून आनंद झाला. चंद्राबाईंना रविवारी बोलावीन. पाटा सरकवताना उजव्या मनगटाला लागलं, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नका. दादांना नमस्कार व मुलांना आशीर्वाद सांगावेत.

नीला

सौ.चे कामात लक्ष नसते. बाकी सर्व खुशाल. — रत्नाकर

•

बसवनगुडी
१० जुलै १९५८

चि. सौ. नीला,

अगं, मागे जिन्यावरून पडलीस, मकरसंक्रांतीला तापल्या पातेल्याने भाजलीस आणि आता पाटा! धांदरट ती धांदरटच राहिलीस. तरी नवरा असा मिळाला की तुझ्या धांदरटपणाचीही काळजी घेऊन लिहितो. माझा हात मोडला तर आमचे हे म्हणतील, कारखान्यातून लेथवाला पाठवतो.

चंद्राबाई परवा गेली. निवासातल्या सगळ्याजणी स्टेशनवर! त्यांतल्या भागुबाईने तिच्यासाठी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा केला होता, आठ आण्यांचा तरी असेल. मी तीन वर्षांपूर्वी आजारी होते तेव्हा यातली एक तरी फूल घेऊन आली होती का? गाडी सुटताना चंद्राबाईने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. माझ्याच निवासाच्या किल्ल्या, आणि मला देते आहे! वर म्हणते, “अक्का, मागल्या दाराची कडी सैल हाय, स्वल्प बघा.” मला माहीत नव्हतं, हे खरं. पण तिने चारचौघींत सांगायचं कारण नव्हतं.

आता मी सकाळ-संध्याकाळ तिथे जाते. मी दारात दिसले की बायका पदर सावरून उभ्या राहतात. मग जराशाने कुणीतरी विचारतं, चंद्राक्का केव्हा येणार? मीसुद्धा आमटीच करते, नीला, विष नाही कालवत.

तुझ्या पत्राची वाट पाहते. सगळं सविस्तर लिही.

सुलभावहिनी

•

पुणे
३ ऑगस्ट १९५८
(कार्ड)

ती. सौ. वहिनींस नमस्कार.

चंद्राबाई दोन रविवार येऊन गेल्या. वर्गात चाळीसजणी आहेत, त्यांत चंद्राबाई पहिल्या आल्या. वर्गात नकाशे काढायला शिकवतात म्हणे, घरापासून चौकीपर्यंतचे, दवाखान्यापर्यंतचे. चंद्राबाईंनी मला भाकरीचं पीठ मळून दिलं. तुमच्याबद्दल चांगलंच बोलल्या. त्या आल्या की घर भरल्यासारखं वाटतं.

नीला

बाई जराशा आगाऊ वाटल्या. वारंवार येणे बरे नव्हे असे सौ.ला सांगितले आहे. — रत्नाकर

•

बसवनगुडी
२० ऑगस्ट १९५८

चि. सौ. नीला,

रत्नाकररावांची ती ओळ मी तीनदा वाचली. एकदा यांनाही वाचून दाखवली. याला म्हणतात माणसाची पारख! वकील उगाच नाही झाले. एका भेटीत त्यांनी ओळखलं ते आमच्या खात्याच्या बाईंना अर्ध्या तासात कळलं नाही.

तुझ्यावर मात्र मी रागावले आहे. सात ओळींचं कार्ड, त्यात तिचं नाव तीनदा, आणि मी? शेवटी एकदा, ‘चांगलंच बोलल्या’. काय चांगलं ते लिहायला जागा नव्हती? आणि ती आली की तुझं घर भरतं म्हणे. मी बारा वर्षांची तुझी वहिनी. लग्नात तुझ्या केसांना मी तेल लावलं. मी आले होते तेव्हा नाही कधी तुझं घर भरलं!

असो. पहिली येऊ दे तिला. इथे मीही काही हातावर हात धरून बसलेली नाही. गेल्या आठवड्यात इथल्याच शिवाजीनगराहून प्रेमा नावाची मुलगी आली आहे. माहेर कानडी, सासर आपल्यातलं. नवरा गुंडू, छापखान्यात आहे. पोर गप्प असते, पाठ भिंतीला लावून बसते. मी म्हटलं, बोल गं, काय झालं, तुझं काय चुकलं? तर रडते. पण कालच गुंडू आला. माझ्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. असा रडणारा पुरुष मी पाहिला नव्हता. मला वाटतं पुढच्या शुक्रवारी-बिक्रवारी तिला पाठवावं. नाहीतर त्याच्या पुढच्या, पाच सप्टेंबरला. खण आणून ठेवला आहे, मोरपंखी.

ऑक्टोबरात खात्याच्या बाई तपासणीला येणार. प्रेमाला पाठवलं की माझे वीस पुरे होतात. एकोणीस म्हणजे काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. चंद्राबाई परत येईल तेव्हा भिंतीवर तिच्या प्रमाणपत्राच्या आधी माझे वीस संसार लागलेले असतील.

सुलभावहिनी

•

पुणे
३० ऑगस्ट १९५८
(पाकीट)

वहिनी,

हे पत्र मी चंद्राबाईंच्या वसतिगृहात बसून लिहिते आहे. तासाभरात परत जायचं आहे, भाजीला म्हणून निघाले आहे.

आधी सर्वांत महत्त्वाचं. प्रेमाला पाठवू नका. मी तुमच्या पाया पडते.

तुमच्या यादीत एकोणीस आहेत म्हणता. वीस तुमचे आधीच पुरे झाले आहेत. विसावी मी.

मी रुसून आले नव्हते, वहिनी. ह्यांनी मला न्हाणीघरात कोंडून पट्ट्याने मारलं होतं म्हणून आले होते. ट्रंकेत दोन लुगडी होती. तुम्हाला सांगायचं असं ठरवून आले होते आणि रोज उद्या सांगू म्हणत होते. तुम्ही एकदा विचारलंत, “तुझं काय चुकलं?” मग मला वाटलं, काहीतरी चुकलंच असेल. तुम्ही फार मायेने ओटी भरलीत. हिरवा खण होता. तो मी अजून शिवलेला नाही.

पाटा नव्हता. जिना नव्हता. पातेलं होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

ह्यांच्या मते घरात लपवण्यासारखं काही नसावं, म्हणून पाकिटं नाहीत, फक्त कार्डं. लिहिलेलं कार्ड त्यांना द्यायचं, ते वाचतात, खाली ओळ लिहितात आणि स्वतः टाकतात. तुमची आलेली पत्रंही तेच फोडतात. तुम्हाला त्या ओळींचा हेवा वाटतो हे त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

चंद्राबाईंनी मला काहीच विचारलं नाही. पहिल्या रविवारी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि परात स्वतःकडे ओढून पीठ मळायला घेतलं. दुसऱ्या रविवारी एवढंच म्हणाल्या, “बाहेरच्या दाराची किल्ली कोनाकडं असती?” वर्गात त्यांना शिकवलंय, काय चुकलं हे कधीच विचारायचं नाही. किल्ली कोणाकडे, जवळ कोण राहतं, रात्री निघालीस तर कुठवर चालत जाशील, एवढंच विचारायचं. आणि घर तीन वेळा स्वतः पाहिल्याशिवाय कुणाला परत पाठवायचं नाही. हे बाहेर गेले होते, मी त्या दिवशी चार वाजेपर्यंत बोलत होते.

मला निघायचं आहे. कसं ते ठरतंय. तुम्ही दादांना आत्ताच सांगू नका, ते ह्यांना जाब विचारणारं पत्र लिहितील आणि ते इथे माझ्याआधी पोचेल. मला उत्तर लिहाल तर चंद्राबाईंच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर लिहा, त्यांच्या नावाने. पत्ता पाकिटाच्या मागे आहे. घरी लिहू नका.

नीला

•

बसवनगुडी
६ सप्टेंबर १९५८

नीला,

तुझं पाकीट काल संध्याकाळी आलं. दुपारी प्रेमा गेली होती. मोरपंखी खण घेऊन, गुंडूच्या मागून.

रात्रभर झोपले नाही. काय लिहू ते कळत नाही, म्हणून मनात येतं ते लिहिते.

तू तीन वर्षं मला सांगितलं नाहीस आणि दोन रविवारांत तिला सांगितलंस? मी आठ दिवस तुला शेजारी घेऊन निजले होते. तुझ्यासाठी रोज काहीतरी गोड करत होते. ही बाई येऊन परातीत पीठ काय मळते आणि तुझं सगळं तिच्या पदरात! मी वाईट आहे का गं? मी काय चुकलं असं विचारलं, ते घरातली वडील बाई विचारते तसं विचारलं. मला वर्गात कोण शिकवणार होतं?

खरं सांगू? मला अजून नीटसं खरं वाटत नाही. रत्नाकरराव असे करतील? माणसाचा हात उठतोही एखादे वेळी. पण ती बाई चार वर्षं नवऱ्यावर जळते आहे, तिला सगळेच नवरे तसे दिसणार. तिने तुझ्या डोक्यात काही भरवलं नाही ना? निघण्याबिघण्याचं ठरवू नकोस, मी दिवाळीत येते, आपण बोलू.

आणि तिच्या पत्त्यावर, तिच्या नावाने पत्र घालायला मला सांगू नकोस. सुलभा आपल्या नणंदेला लिहिते ते ‘चंद्राबाई यांजकडे’ म्हणून? पाकिटावर ते नाव लिहायला घेतलं, दोनदा टाक बुडवला, हात वळेना. तुझ्या स्वतःच्या घरी, तुझ्या स्वतःच्या नावाने घालते आहे. चांगलं चिकटवलं आहे, वर ‘खाजगी’ लिहिलं आहे. माणसं शिकलेली असतात, नीला, खाजगी पत्र कुणी फोडत नाही.

तुझी, अजून तुझीच,
सुलभावहिनी

•

पुणे
१२ सप्टेंबर १९५८
(कार्ड)

सौ. वहिनींस स. न. वि. वि.

आपले पाकीट मिळाले. आपण वडीलकीने लिहिले ते योग्यच केले. काही गोष्टी माझ्या ध्यानात नव्हत्या, त्या आपल्यामुळे आल्या. सौ.ची प्रकृती बरी नाही. यापुढे तिला पत्र लिहिणे जमणार नाही. काळजी नसावी.

रत्नाकर

•

बसवनगुडी
१६ सप्टेंबर १९५८

चंद्राबाई यांस,

सकाळी तुम्हाला तार केली, ‘नीलाच्या घरी ताबडतोब जा’. तारेत एवढंच मावतं, म्हणून हे पत्र. पाकिटावर तुमचं नाव लिहिताना या वेळी हात अडला नाही. तो मागेच अडायला नको होता.

तुमच्या पत्त्यावर घालायचं पत्र मी त्या घरी पाठवलं. ते त्यांनी फोडलं. त्यात तुमचं नाव होतं, ती निघणार आहे हेही होतं. मी काही मूर्ख बाई नाही, तिने घरी लिहू नका म्हणून लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. तरी पाठवलं, कारण तुमचं नाव लिहायचं नव्हतं. मला तुमचा मत्सर वाटतो. खुर्चीवर बसवलं त्या दिवसापासून वाटतो. त्याआधीपासून, तुम्ही पाटावर बसला नाहीत तेव्हापासूनच. बाकी कारणं मी देईन तेवढी खोटी आहेत.

नीलाचे दादा कारखान्याच्या कामाने कलकत्त्याला आहेत, त्यांना तार केली. पण ते पोचेपर्यंत चार-पाच दिवस जातील. तुम्ही दोन मैलांवर आहात. ती जिवंत आहे, एवढंच मला कळवा.

आणखी एक. काल मी शिवाजीनगरला प्रेमाच्या घरी गेले. सासूने दार अर्धं उघडलं. आतून प्रेमा म्हणाली, “ठीक आहे, अक्का, सगळं सरी आहे.” पण ती उजेडात आली नाही. बोलताना तोंडावर पदर होता, शब्द नीट उमटत नव्हते. मी तिथून परत आले. मला पुढे काय करायचं ते येत नाही. तुम्हाला येतं. सांगाल का?

सुलभा

•

पुणे
२३ सप्टेंबर १९५८

सुलभाअक्का यांना चंद्राबाईचा नमस्कार.

तार मिळाली त्याच दुपारी आमच्या वर्गाच्या मोठ्या बाई, शेजारच्या घरातल्या काकू आणि मी अशा तिघी गेलो. बाहेरून कुलूप होतं. किल्लीची दुसरी जोड नीलाताईंनी मागेच काकूंकडे ठेवली होती, तेवढं आम्ही आधी केलं होतं. नीलाताई आत होत्या. गळ्याजवळचं हाड मोडलं आहे आणि डावा डोळा सुजला आहे. डॉक्टरांनी बांधलं. जीवाला भय नाही.

आता त्या घरात नाहीत. कुठे आहेत ते मी सांगणार नाही. दादासाहेब आले तर त्यांनाही नाही. हा तुमच्यावरचा राग नव्हे अक्का, हा नियम आहे. बाई स्वतः सांगेपर्यंत तिचा पत्ता कोणाला द्यायचा नाही, निवास ज्यांनी काढलं त्यांनाही नाही. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, त्यांच्या परवानगीने.

प्रेमाचं. पुन्हा दारावर जाऊ नका, गेलात की तिला मार पडतो. सकाळी त्यांच्या कोपऱ्यावरच्या नळावर जा, ती पाण्याला येईलच. रांगेत घागर घेऊन उभ्या राहा. सासू मराठी आहे, म्हणून कानडीतच बोला. एकच वाक्य पाठ करा. ‘नम्म मने बागिलु तेरेदिदे.’ आमच्या घराचं दार उघडं आहे. एवढंच. चल म्हणू नका, रडू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

मत्सराचं तुम्ही लिहिलंत. मलाही होता. तुमच्या हाताखालून बायका हिरव्या खणात जायच्या तेव्हा मी स्वयंपाकघरातून बघायची. मला वाटायचं, कुणी माझ्या डोक्यावरून असा हात फिरवला असता तर मीही गेले असते. म्हणून पाटावर बसले नाही. बसले असते तर गेलेच असते.

मागच्या दाराची कडी बघितली का?

चंद्राबाई

•

बसवनगुडी
१४ जानेवारी १९५९

नीला,

ह्या पाकिटावर मी लिहिलं आहे, ‘चंद्राबाई यांजकडे, भगिनी निवास, बसवनगुडी’. आमच्या घरापासून शंभर पावलं. पोस्टमन माझ्याकडे बघत होता. बघू दे.

चंद्राबाई परत येऊन आठ दिवस झाले. बरोबर एक नवी बाई आहे, ती आतल्या खोलीत असते. मी विचारलं नाही. नियम मलाही पाठ झाला आहे. पण तीन दिवस तिथल्या दोरीवर एक लुगडं वाळतं, कुसुंबी, काठाला रुईफूल. तुझ्या मंगळागौरीला ते मीच निवडलं होतं. दुकानदाराशी पाऊण तास भांडून. मी रोज दोरीपाशी जाते आणि परत येते. दार उघडंच असतं. मी आत गेले नाही.

दादांना त्या लुगड्याचं काही बोलले नाही. रत्नाकररावांच्या तीन तारा आल्या, तू इथे आहेस का म्हणून. दादांनी पहिलीला ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलं आणि ते खरंच होतं. पुढच्या दोन चुलीत गेल्या. ते आता फार कमी बोलतात. परवा म्हणाले, “ती आठ दिवस आपल्या घरात होती आणि मी तिला कारखाना दाखवायला नेलं होतं.” मग उठून बाहेर गेले.

तुला सांगायचं बरंच आहे, पण मी फक्त झालेलं सांगते. प्रेमासाठी मी नळावर गेले. पहिल्या दिवशी वाक्यच आठवेना, घागर भरून परत आले. मग रोज म्हटलं. ती माझ्याकडे पाहायची नाही. बाराव्या दिवशी ती नळावरून घरी गेलीच नाही, भरल्या घागरीसकट माझ्यामागे चालत निवासात आली. पुढचे दोन दात नाहीत. ते पाच सप्टेंबरच्या रात्रीच गेले, माझ्या खणासकट. तिने मला कधी त्याबद्दल बोल लावला नाही आणि मला तिच्यासमोर बसवत नाही. ती घागर अजून आपल्या न्हाणीत आहे. सासूने मागायला माणूस पाठवला होता, मी दिली नाही.

खात्याच्या बाई तपासणीला आल्या तेव्हा ‘परत नांदायला गेल्या’ या रकान्यात मी एकोणीस लिहिले नाहीत, वीसही नाहीत. ‘कशा आहेत माहीत नाही’ असं लिहिलं. मला वाटलं, आता अनुदान गेलं. बाईंनी ते वाचून म्हटलं, मग शोधा. पुढच्या वर्षाचं अनुदान त्यासाठीच दिलं आहे. तेव्हापासून मी एकेकीच्या गावी जाते, आता चंद्राबाईही बरोबर येतात. अजून पाचच भेटल्या. त्यांतली एक नाही उरली. ती कोण ते मी तुला कधीतरी सांगेन, आज नाही.

किल्ल्या मी चंद्राबाईंना दिल्या. आता त्या निवासात वर्ग घेतात, आम्ही अकराजणी खाली बसतो. परवा आठवड्याची परीक्षा झाली. मी तिसरी आले. भागुबाई दुसरी! तिला पाटी धरता येत नव्हती, पण तोंडी सगळं येतं. आणि मला अजून राग येतो, नीला. चंद्राबाईंनी भागुबाईला शाबास म्हटलं आणि माझ्या पोटात दुखलं. मी सुधारले असं तुला लिहीन तर ते खोटं होईल. तू त्या खोलीत आहेस आणि तुझी वेणी ती घालते, तुझा दुखरा खांदा ती शेकते, हे माझ्या मनातून जात नाही. ते काम माझं होतं. मी गमावलं.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. ‘तुझं काय चुकलं’ हे तीन वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, आता ते मी स्वतःला रोज विचारते आणि मला उत्तर मिळतं.

आज संक्रांत आहे. मी तिळगूळ केला आहे. मी तिकडे येऊ का? नको म्हणालीस तर तिळगूळ पायरीवर ठेवून जाईन. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

सुलभा

•

भगिनी निवास
१५ जानेवारी १९५९
(कार्ड)

वहिनी,

उद्या चार वाजता या. चंद्राबाई बाजारात जाणार आहेत. मी मुद्दामच ती वेळ सांगते आहे.

हिरवा खण काल फाडला. भागुबाईच्या नातीला झबलं झालं, थोडं तोकडं.

नारळ आणू नका. आणलात तर फोडून आणा, चटणीला हवा आहे.

नीला

खाली जागा उरली आहे. राहू दे.